मान्यवरांना हरकत घेता येत नाही

मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. शाळेतले निबंध मार्कांपुरते होते. खरं लिहिणं सुरू झालं ते डीटीपीच्या दुकानात, पाठीमागे चार माणसं आपापले दाखले घेऊन खोळंबलेली असताना, एका पानात जग बदलायचं या अटीवर. पत्रकाचा साचा ठरलेला असतो. वर ठळक अक्षरांत ‘जागे व्हा’. मग अन्यायाचं वर्णन, त्यात प्रत्येक वाक्याला किमान तीन उद्गारचिन्हं. मग ‘आमच्या मागण्या’. आणि सगळ्यात खाली ‘आपले नम्र, समस्त गावकरी’. हा साचा हातात इतका बसला की चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यातही ‘हजारोंच्या संख्येने उपस्थित राहून एकजूट दाखवा’ असं लिहून मोकळा झालो. काकांनी पत्रिका चष्मा लावून पुन्हा वाचली. मग म्हणाले, “लेकीचं लग्न हाय का रास्ता रोको?”

पण राग खोटा नव्हता. आजही नाही.

आमचं गाव परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या अंगाला. गावापासून थोड्या अंतरावर राखेचा तलाव आहे. परळीच्या वीजकेंद्रात दगडी कोळसा जळून उरलेली राख पाण्याबरोबर तिथं आणून सोडतात. पाणी आटतं, राख राहते. ती वीटभट्ट्यांना लागते, बांधकामाला लागते, म्हणून डंपर भरभरून जाते. जायला रस्ते खूप आहेत, पण सगळ्यात जवळचा आमच्या गावातून. राख पिठासारखी बारीक आणि करडी-पांढरी. डंपर येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग गाडी येते, मग दोन्ही निघून जातात. राख मात्र गावातच मुक्कामाला राहते. दोरीवरचे कपडे, म्हशीची पाठ, देवळातला नंदी, सगळे एका रंगाचे. गावात नवीन आलेल्या सुनेला वाटलं होतं की आमच्याकडे तुळशीची पानं मुळातच करडी असतात.

हा रस्ता जिल्हा परिषदेच्या शाळेला अगदी खेटून जातो. शाळेच्या कुंपणालगत पत्र्याची एक शेड आहे आणि तिथं अक्का पोरांची खिचडी शिजवते. अक्का माझी नात्यानं कोणी नाही. सगळ्या गावाची अक्का आहे. मी स्वतः तिच्या हातची खिचडी खाऊन चौथी पास झालो. डंपरचा आवाज आला की तिचं ठरलेलं असायचं. हातातला डाव टाकायचा, दोन्ही हातांनी झाकण उचलून पातेल्यावर आपटायचं आणि वरून पदर धरून उभं राहायचं. धुरळा बसला की पुन्हा झाकण काढायचं. दिवसाचा अर्धा वेळ ती स्वयंपाक करायची आणि अर्धा वेळ पहारा द्यायची. तरी राख जायचीच. पोरं ताट पुढं करून विचारायची, “अक्का, आज जिरं टाकलं का डंपर?”

पोरांच्या खोकल्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा शाळेच्या समितीची बैठक बसली. त्यात जो उपाय निघाला तो ऐकून मी पहिल्यांदा हसलो आणि मग दोन दिवस जेवलो नाही. उपाय असा: शेडमध्ये राख पडते, सबब शेड बंद करावी. खिचडी तालुक्याहून गाडीनं आणावी. म्हणजे राख थांबवायची नाही, अक्का थांबवायची! समितीच्या अध्यक्षाचे स्वतःचे दोन डंपर होते, हे मी कुणावर आरोप म्हणून सांगत नाही. सगळ्या गावाला माहीत होतं आणि अध्यक्षालाही माहीत होतं.

अक्का त्या दिवशी एवढंच म्हणाली, “सतरा पोरींची लग्नं झाली गावात माझी खिचडी खाऊन. आता गाडीवरची खिचडी येणार म्हणं. गार. डब्यात.” आणि डाव इतक्या जोरात आपटला की वर्गातला पाढा थांबला.

तेवढ्यात वर्तमानपत्रात कोपऱ्यात एक जाहिरात आली. राखेच्या वाहतुकीसाठी हवा प्रदूषणाचे नवे नियम होणार होते. त्याचा मसुदा निघाला होता आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या होत्या. मसुद्याला जोडून एक यादी होती: राख नेण्यासाठी मंजूर करण्यात येणारे रस्ते. यादीत आमचा रस्ता होता. आतापर्यंत डंपर चोरून जायचे. आता कायद्यानं, छाती काढून जाणार होते. समितीचं म्हणणं होतं, रस्ता एकदा मंजूर झाला की शेडचा निकालच लागला. यादीवर कुणाची हरकत असेल तर ती तालुक्याच्या जनसुनावणीत, त्याच दिवशी, नोंदवहीत उतरली पाहिजे होती. नाही उतरली तर यादी कायम.

आमचा पर्यावरण गट तेव्हा जोरात होता. जोरात म्हणजे व्हॉट्सॲपवर. प्रत्यक्षात आम्ही दोघं: मी आणि माझा वर्गमित्र मेकॅनिक. बाकीची मंडळी फोटोपुरती. मेकॅनिकचं फाट्यावर गॅरेज आहे आणि तालुक्यात डंपरचा जॅक, म्हणजे मागचा हौदा उचलणारा दांडा, त्याच्याइतका कुणालाच समजत नाही. दिवसा तो डंपर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी माझ्याबरोबर डंपरविरोधी पत्रकं वाटायचा. मी त्याला यावरून लई छळलं आहे. त्याचं उत्तर तयार असायचं. “मी गाड्या धड ठेवतो मनून त्या निघून तरी जातेत बे. न्हाईतर बिघडून तुझ्या शाळंपुढंच उभ्या राह्यल्या असत्या. मी तर उलट पर्यावरणाचं काम करायलोय.”

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जहाल पत्रक लिहिलं. त्यात साम्राज्यवादापासून सुरुवात करून मी सातव्या ओळीत आमच्या गावापर्यंत पोचलो होतो. खिचडीचा उल्लेख जागेअभावी गळाला.

सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. आम्ही तिघं गेलो: मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन, मेकॅनिक स्वच्छ शर्ट घालून, आणि अक्का एक पिशवी घेऊन. पिशवीत काय आहे ते तिनं सांगितलं नाही. कार्यालयात आदल्या दिवशीच लग्न झालेलं असावं. व्यासपीठावर मागे थर्माकोलचे मोर तसेच होते आणि नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्याही. त्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीवर प्रदूषण मंडळाचे, म्हणजे हवेचे, मोठे साहेब बसले होते. नवरीच्या खुर्चीवर त्यांची फाईल होती. मागून बुंदी तळल्याचा वास येत होता.

आता आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते, ती म्हणजे सत्कार. आमच्याकडे माणसाची बदली झाली तर सत्कार होतो, बदली रद्द झाली तर होतो, आणि बदली होणार अशी नुसती अफवा उठली तरी कुणीतरी शाल आणून ठेवतं. पुढारी मोठा असेल तर जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळतात. हार क्रेननं घालतात. पोलीस पकडायला आले तरी आधी त्यांना फेटा बांधतील अशी माणसं आहेत आमच्याकडे. त्यामुळे सुनावणीच्या सुरुवातीला दीपप्रज्वलन झालं, मग साहेबांचा सत्कार झाला, मग त्यांच्या बरोबरच्यांचा, मग हवा मोजायचं यंत्र घेऊन आलेल्या ड्रायव्हरचाही झाला, यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

तालुक्यातले एक पुढारी पहिल्या रांगेत होते. त्यांनी सूत्रसंचालकाला बोटानं बोलावून कानात काही सांगितलं. सूत्रसंचालक माइककडे धावला.

“आणि आता, आपल्या भागातील पर्यावरणप्रेमी, तडफदार युवा नेतृत्व...” असं म्हणून त्यानं माझं नाव घेतलं.

माझी कानशिलं गरम झाली. तडफदार! मेकॅनिकनं माझी बाही धरली.

“जाऊ नको बे.”

“कावून?”

“मला वास यायलाय.”

“बुंदीचा यायलाय.”

“जाऊ नको मनतो ना. तो मानूस फुकट नारळ देत नसतो.”

मी बाही सोडवून घेतली. माझा हिशेब सरळ होता: व्यासपीठ म्हणजे माइक आणि माइक म्हणजे विजय. आजवर आम्हाला कुणी माइकच्या वीस फूट जवळ येऊ दिलं नव्हतं. आमची आंदोलनं झाली ती सगळी फाटकाबाहेर. मी वर गेलो. फेटेवाल्यानं फेटा बांधला. तयार टोपी नव्हे, खरा बांधला, आवळून, वर तीन टाचण्या मारल्या. शाल आली, नारळ आला. पुढाऱ्यांनी स्वतः माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढला. आणि मग माइक हातात आला.

मी बोललो. देवाशप्पथ सांगतो, असा कधी बोललो नव्हतो. हवेवर बोललो, पाण्यावर बोललो, डोंगर, नदी, पुढच्या पिढ्या, सगळ्यांवर बोललो. आवाज चढवला, टेबल आपटलं, नारळ एकदा गडगडत खाली गेला तो साहेबांनी उचलून दिला. शेवटी टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी वाजवल्या, साहेबांनी वाजवल्या, पहिल्या रांगेतल्या डंपरमालकांनी तर उभं राहून वाजवल्या. तिथंच मला कळायला हवं होतं.

मी व्यासपीठावरच्या खुर्चीत बसून पाणी प्यायलो. सूत्रसंचालकानं जाहीर केलं की ज्यांना हरकती द्यायच्या आहेत त्यांनी मागच्या टेबलाकडे जावं आणि त्यानंतर लगेच स्नेहभोजन आहे. आमच्याकडे स्नेहभोजन हा शब्द उच्चारला की कार्यक्रम संपतो. खुर्च्या सरकायला लागल्या. मी मात्र निवांत. माझं म्हणणं तर मांडून झालं होतं. खालून मेकॅनिक हातवारे करत होता. मला वाटलं भाषण आवडलं. मी हात जोडून मान लववली. मग त्यानं जे खुणेनं सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. मी खाली उतरलो.

“लई भारी बोललास बे,” तो म्हणाला, “आता ते वहीत बघ.”

मागे, हात धुवायच्या बेसिनशेजारी एक टेबल होतं. तिथं चष्मा नाकावर आणलेले एक कारकून नोंदवही उघडून बसले होते. मी वाकून वाचलं. पान दोन भागांत होतं. वरच्या भागाला मथळा: ‘मान्यवरांचे मार्गदर्शन’. त्यात माझं नाव, आणि पुढं: ‘यांनी पर्यावरणाचे महत्त्व विशद केले व आयोजकांचे आभार मानले.’ खालच्या भागाला मथळा: ‘प्राप्त हरकती’. त्याखाली सुंदर अक्षरात एकच शब्द: ‘निरंक’.

“मी आभार कधी मानले?” मी ओरडलो.

“मानतेतच सगळे,” कारकून म्हणाले. “मी आधीच लिहून ठेवतो. लास्टला गर्दी होती.”

“माझी हरकत आहे! अख्खं भाषण हरकतीचंच होतं!”

त्यांनी चष्म्यावरून माझ्या फेट्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. शांतपणे, लहान पोराला समजवावं तसं सांगायला लागले. “असं बघा साहेब. वर बसला तो मान्यवर. मान्यवर काय करतो? मार्गदर्शन करतो. खाली बसला तो हरकत घेतो. एकच मानूस दोन्ही खान्यात टाकला तर वरचे मला इचारतेन, हा नेमका कुनाकडून हाय. तुमचं मार्गदर्शन लिहून झालंय. सही पन झालीय मोठ्या साहेबांची.”

“मग मी फेटा काढतो!”

“काढा की. पन फोटोत हाय.”

फेटा निघेना. टाचण्या आत वळल्या होत्या. मेकॅनिकनं शेंडा धरून ओढला तसा मी जागेवरच गरगर फिरायला लागलो. जेवणाच्या रांगेतल्या लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, दोघातिघांनी मोबाईल काढले. सत्कार करून माणसाला गप्प बसवता येतं हे मला माहीत होतं. बोलू देऊनही गप्प बसवता येतं, हे त्या दिवशी कळलं. मला इतकी चीड आली की डोळ्यात पाणी आलं, आणि वर फेट्याचा रंगही सुटायला लागला होता.

मग मला पत्रक आठवलं. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. “ही घ्या लेखी हरकत.”

कारकुनांनी एक पत्रक उचललं. पुढून वाचलं, मागून वाचलं. “लिहिलंय जोरात. सही कुनाची?”

“समस्त गावकरी.”

“हां. त्यांचं नाव काय?”

“अहो समस्त म्हणजे सगळे!”

“ते समजलं. पन उद्या उत्तर पाठवायचं तर कोनत्या घरी पाठवू? समस्त गावकरी राहतेत कुठं? दार कोन उघडील?” त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. “एक नाव लागतं, एक पत्ता, एक सही. आनि लवकर. वाढपी आले की मी वही बंद करतो, पुरी गार होती.”

मी आजवर कितीतरी पत्रकं काढली होती. एकाखालीही कुणाचं नाव नव्हतं. माझंसुद्धा. आम्हाला वाटायचं त्यात एकजूट आहे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं: नाव नसलं की दुसऱ्या दिवशी दारात कुणी येऊन उभं राहत नाही. आणि आता जेव्हा नाव द्यायची वेळ आली तेव्हा माझं नाव वरच्या खान्यात चिरडून पडलं होतं. मी मेकॅनिककडे पाहिलं. त्यानं बुटाकडे पाहिलं आणि तो खांबाआड सरकला. त्याची सगळी गिऱ्हाइकं दहा पावलांवर पुरी-भाजीची वाट बघत उभी होती.

“मी सांगते. ल्ह्या,” मागून आवाज आला.

अक्का जेवणाच्या रांगेला आडवी कापत आली होती. नारायणगडाच्या जत्रेत दर्शनाची बारी फोडून पुढं जाणारी बाई ती. स्नेहभोजनाची रांग काय अडवणार तिला.

“अक्का, तुझं नाव नको,” मी म्हणालो. “समितीचा अध्यक्ष तिथं उभाय. उद्या शेड बंद करील.”

“ती तर करायलाच बसलाय. मंग मी कशाला भेऊ? शेड माझी, पातेलं माझं. नाव तुझं कावून द्यायचं?”

कारकुनांनी पेन उघडलं. “हरकतीचा थोडक्यात तपशील. जागा दोनच ओळींची हाय.”

“लिहा,” मी पुढं झालो, “भांडवलदारांच्या नफेखोरीसाठी ग्रामीण जनतेच्या...”

“तू गप बस रं जरा. तुझं झालं ना मार्गदर्शन?” अक्का म्हणाली. कारकून खाली मान घालून हसले. “ल्ह्या भाऊ. शाळंपुढून राख नेऊ नका. न्यायचीच आसल तर शाळा सुटल्यावर न्या, ओली करून, झाकून. जाळीनं न्हाई, ताडपत्रीनं. बास.”

कारकुनांनी लिहिलं. दोन ओळींत बसलं, वर अर्धी ओळ उरली. भाषणाच्या सात मिनिटांत मी यातलं एकही वाक्य बोललो नव्हतो.

“पुरावा काही हाय का?” त्यांनी विचारलं. “असला तर बरं असतं.”

अक्कानं पिशवीतून फडकं काढलं. धुतलेलं पांढरं फडकं तिनं आदल्या दिवशी शेडच्या दाराला टांगलं होतं, सकाळी घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत. आता त्याचा रंग सांगता येत नव्हता. तिनं ते टेबलावर झटकलं. कारकून, नोंदवही, बेसिन आणि पहिल्या ताटातली बुंदी, सगळ्यांवर थोडी थोडी राख बसली. कारकून तीनदा शिंकले. मग त्यांनी चष्मा पुसला, फडक्याकडे आदरानं पाहिलं आणि विचारात पडले.

“कागद असता तर शिक्का मारला असता. कापडावर नंबर कसा टाकू?”

“स्केचपेननं टाका,” अक्का म्हणाली. “हॉटेलवाले उशीच्या खोळीवर टाकतेत तसा.”

त्यांनी खरंच टाकला. काठावर, वळणदार अक्षरात.

अक्कानं सही केली. सावकाश, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर. कारकून वही मिटणार, तोच मेकॅनिक खांबाआडून पुढं आला.

“अजून एक ल्ह्या. तिच्याखाली.”

“नाव?” त्यानं सांगितलं. “पत्ता?” फाट्यावरच्या गॅरेजचा सांगितला. “धंदा?”

“डंपर दुरुस्ती.”

कारकुनांचं पेन थांबलं. “हे लिहू?”

“लिव्हा. आनि मला धा वर्षं झाली राख पुसून मग जॅक खोलतो, ते पन लिव्हा. जागा हाय ना अर्धी ओळ?”

तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, “काय रे, आमच्याच गाड्यावर जगतो आनि आमच्याच इरोधात सही?” मेकॅनिक वळला. त्याचा आवाज थोडा कापत होता, मी जवळ होतो म्हणून सांगतो. “गाडी तुमचीच हाय, भाईजान. फुप्फुस माझं हाय.”

जेवणावर मी बहिष्कार टाकला. अक्कानं दोनदा बुंदी घेतली. मला म्हणाली, “जेवनावर कावून राग? ते बिचारं डंपरमधून थोडंच आलंय?” मी तत्त्वानं उपाशी राहिलो आणि परतीच्या वाटेवर मेकॅनिकच्या गाडीत तिच्या पिशवीतल्या चार पुऱ्या खाल्ल्या. त्या तिनं माझ्यासाठी बांधून घेतल्या होत्या. बांधायला रुमाल नव्हता म्हणून माझ्या सत्काराची शाल वापरली.

पुढचे काही आठवडे बरे गेले नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. गॅरेजमध्ये डंपर यायचे थांबले. मेकॅनिक रिकामा बसून स्वतःचीच मोटारसायकल खोलायचा आणि पुन्हा जोडायचा. मी जाऊन बसायचो. “पत्रक काढू का रे तुझ्यासाठी?” मी एकदा म्हणालो. त्यानं पाना फेकून मारला, मुद्दाम चुकवून. शेवटी एका मालकाची गाडी हौदा वर करून अडकली आणि खाली येईना. तीन दिवस ती भट्टीपाशी तशीच उभी होती, हात वर करून. चौथ्या दिवशी मालक आला, सहीविषयी चकार शब्द काढला नाही, नुसता “जॅक बघतो का?” म्हणाला. मेकॅनिक गेला. परत आल्यावर मला म्हणाला, “राग खरा हाय बे त्यांचा. पन जॅक माझ्याशिवाय न्हाई समजत कुनाला.”

समितीचा अध्यक्ष शेडवर येऊन गेला. “अक्का, सही केली म्हणं तुमी.”

“केली. चांगली आली का?”

“शेडचं बघावं लागल.”

“बघा की. आत या, उंबऱ्यावरून काय दिसनार? आलाच हात तर तांदूळ निवडू लागा.”

तो आत आला नाही. पण बैठकीत विषय पुढं ढकलला गेला. निकाल येईपर्यंत थांबू, असं ठरलं. अक्का रोज शिजवत राहिली. डंपर रोज जात राहिले. मला वाटायला लागलं होतं की दोन ओळींनी काय होणार, आणि मी मनातल्या मनात पुन्हा उद्गारचिन्हं जुळवायला घेतली होती.

मग अंतिम नियम आले. मी ते डीटीपीच्या दुकानातच छापून घेतले आणि उभ्या उभ्या वाचले. आमचा रस्ता यादीतून गेला नव्हता. माझं डोकं फिरलं. पण रस्त्याच्या पुढं कंसात नवीन मजकूर होता: शाळेच्या वेळेत वाहतुकीस मनाई; इतर वेळी राख ओली करून, ताडपत्रीने पूर्ण झाकून. शेवटी हरकतींची यादी होती. त्यात ओळीनं दोन नावं: एक स्वयंपाकीण, एक डंपर दुरुस्ती. माझं नाव कुठंच नव्हतं.

मी तडक शेडवर गेलो आणि रागारागानं वाचून दाखवलं. “रस्ता काढायला पाहिजे होता! अर्धवट दिलंय!”

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. “शाळंच्या येळंला न्हाई येनार म्हणजे न्हाई ना?”

“नाही. पण संध्याकाळी...”

“संध्याकाळचं तू भांड. तरना हायेस. मंग आता शेड कुनी हलवत न्हाई?”

“कारणच उरलं नाही.”

“मंग झालं तर,” असं म्हणून तिनं तोंड फिरवलं आणि बराच वेळ चुलीत फुंकर मारत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुट्टीच्या आधी, डंपर आला. ड्रायव्हर नवखा होता. त्याच्यापर्यंत नियम पोचलाच नव्हता. अक्का रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हातात डाव. मी कागद उंच धरून नियम मोठ्यानं वाचायला लागलो, उपकलमासकट. ड्रायव्हरनं तिसऱ्या ओळीला गाडी बंद केली.

“मावशी, याचं वाचन थांबवा. शाळा कवा सुटती तेवढं सांगा.”

“पाचला. तवर फाट्यावर लाव. आनि ताडपत्री घाल वर.”

“मागं कशी घेऊ? वळायला जागा कुठंय इथं?”

जागा खरंच नव्हती. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला नाली. तेवढा लांबलचक डंपर फाट्यापर्यंत उलटाच न्यावा लागणार होता. हेडमास्तर शिट्टी घेऊन बाहेर आले. एका पोरानं नळाची नळी ओढून आणून राखेवर पाणी मारलं, ते निम्मं ड्रायव्हरवर उडालं. ताटं हातात घेतलेली सगळी शाळा कुंपणावर चढली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली, गिअर टाकला, आणि डंपर मागं सरकायला लागला तशी पोरं एका सुरात ओरडायला लागली, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ... डावीकडं घ्या... येऊ द्या!”